कडेच्या बाया फोटोतून का कापल्या जातात?



आमच्या बचत गटाला दहा वर्षं झाली, तेव्हा आम्ही बारा जणी शाळेसमोर एका ओळीत उभ्या राहिलो आणि मोबाइलवर फोटो काढला. तालुक्याहून छापून आणला, तर दोन्ही टोकांच्या बाया अर्ध्याच! त्यातल्या एक आजी पहिल्या दिवसापासून गटात आहेत. त्या हसून म्हणाल्या, "मी मेली कडेलाच असते." ते आम्हाला फार लागलं. चूक कुठे झाली ते आम्ही शोधलं. चूक मापाची होती.

फोटोचं माप म्हणजे त्याच्या रुंदीचं आणि उंचीचं प्रमाण. मोबाइलचा कॅमेरा उघडला की वर किंवा सेटिंगमध्ये ३:४, ९:१६, १:१ असे आकडे दिसतात. बहुतेक मोबाइलमधला, फोटो टिपणारा सेन्सर ३:४ मापाचा असतो. म्हणून ३:४ वर अख्खा फोटो मिळतो. ९:१६ वर जवळजवळ पडदा भरून फोटो दिसतो आणि आपल्याला वाटतं, यात जास्त मावलं. खरं तर त्यात पाव भाग आधीच कापलेला असतो. १:१ म्हणजे चौकोनी फोटो, त्यातही पाव भाग जातो.

आता छपाईचं बघू. स्टुडिओत नेहमी मिळणारा फोटो ४ बाय ६ इंचाचा, म्हणजे २:३ मापाचा. आमचा आडवा फोटो ९:१६ वर काढलेला, त्यामुळे लांबट होता. तो कागदावर भरून बसवताना दोन्ही कडा मिळून साधारण सहावा हिस्सा गेला. बारा जणींच्या ओळीत सहावा हिस्सा म्हणजे दोन बाया!

तोच फोटो ३:४ वर आडवा काढला असता, तर छापताना वरून-खालून मिळून नववा हिस्सा गेला असता. कडेचं कुणी कापलं गेलं नसतं. फक्त डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडायची.

मग कधी कोणतं माप ठेवायचं?

गटाचा, लग्नकार्याचा, छापायचा फोटो: ३:४. जणी जास्त असतील तर दोन ओळी करा.

व्हॉट्सअॅपच्या डीपीसाठी: १:१. डीपी गोल दिसतो, कोपरे जातात. म्हणून चेहरा किंवा लोणच्याची बरणी मधोमध ठेवा.

स्टेटससाठी: ९:१६, मोबाइल उभा धरून.

काहीच ठरलं नसेल तर ३:४ वरच काढा. ब्लाउज बेतताना जादा कापड नंतर कापता येतं, पण कापलेलं परत जोडता येत नाही. फोटोचंही तसंच आहे.

छापायला देताना दुकानदाराला एवढं नक्की सांगा: "दादा, काही कापू नका, पांढरी पट्टी राहिली तरी चालेल."

आम्ही पुन्हा फोटो काढला, दोन ओळींत, ३:४ वर. आजींना यावेळी मधे बसवलं. तो फोटो आता बैठकीच्या खोलीत लावला आहे, आणि त्यात बाराच्या बारा जणी पूर्ण आहेत.