माल कमी, मोल जास्त : बोर्डोची तांबडी वाइन

बोर्डो मिश्रण ठाऊक नाही असा शेतकरी आपल्या भागात विरळाच. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवायचा आणि फवारायचा. पण बोर्डो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील एक शहर आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. शहराच्या उत्तरेला मेदॉक हा द्राक्षांचा मुलूख. वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून तिथे रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळे मिश्रण शिंपडत. नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे यांनी हेरले आणि १८८५ साली औषध जगापुढे ठेवले. याच मुलखातल्या तांबड्या वाइनला जगात मोठा मान आहे. ती पिण्याची शिफारस आम्ही करीत नाही; पीक कसे घेतात आणि दर्जा कसा राखतात, एवढेच सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

मेदॉकची नामांकित जमीन म्हणजे गोटे आणि वाळू. पाणी धरत नाही, कसही बेताचाच. उसासाठी असले रान कोणी निवडणार नाही. पण वेलीची मुळे ओलाव्यासाठी खोल जातात आणि माल मोजका पण सकस येतो. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो या तिथल्या मुख्य जाती. हेक्टरी आठ-दहा हजार वेली दाटीने लावतात, हिवाळ्यात छाटणी करून मोजकेच डोळे ठेवतात. अपवाद सोडला तर बागेला पाणी देत नाहीत. १८६० नंतर फिलॉक्सेरा किडीने मुळे खाऊन फ्रान्सच्या बागा बसवल्या. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम केले, तेव्हा त्या सावरल्या. आपले द्राक्षबागाईतदार डॉगरिज खुंट वापरतात, तोही मूळचा अमेरिकनच.

आता मुद्द्याची गोष्ट. गावाचे नाव बाटलीवर लावायचे तर उत्पादनाला कायद्याने कमाल मर्यादा आहे. १९३५ च्या कायद्याने ही व्यवस्था बसली. मर्यादा हेक्टरी साडेपाच हजार लिटरच्या आसपास असते, म्हणजे एकरी सुमारे तीन टन द्राक्षे. जास्त पिकवले तर ते नाव लावता येत नाही. म्हणून काही बागाईतदार उन्हाळ्यात चांगले हिरवे घडसुद्धा कापून टाकतात. आपल्याला हे ऐकून हळहळ वाटेल!

तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपण उसाचा ब्रिक्स पाहतो तशी तेही द्राक्षाची गोडी मोजतात, मगच कात्री लावतात. कुजके मणी निवडून काढतात, देठ वेगळे करतात आणि माल टाकीत जातो. तिथे यीस्ट साखरेचा मद्यार्क करते. रस मुळात फिका; तांबडा रंग येतो तो सालीतून. म्हणून वर तरंगणाऱ्या सालींवर खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा सोडतात. दोन-तीन आठवड्यांनी रस काढून चोथा दाबतात. पुढे २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरवण. अधूनमधून गाळ खाली ठेवून रस दुसऱ्या पिंपात घ्यायचा. काही ठिकाणी अजून अंड्याचा पांढरा बलक घालून तो निवळतात. थंड, पावसाळी सालात गोडी कमी पडली तर ठरल्या मर्यादेत साखर घालायची परवानगी मिळते.

मोठ्या वाड्यांचीच नावे जगभर गाजतात, पण लहान शेतकरी तिथेही आहेत. १९३० नंतरच्या मंदीत सेंत-एमिलियों, पोइयाक अशा गावांत त्यांनी सहकारी संस्था काढून एकत्र माल गाळायला सुरुवात केली. आपली वाट काही वेगळी नाही.

तरीही नाव असले म्हणजे सगळे भागले असे नाही. फ्रान्समध्ये तांबड्या वाइनचा खप घटत गेला, स्वस्त माल पडून राहू लागला. २०२३ साली बोर्डो भागातल्या सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बागा उपटण्यासाठी सरकारला अनुदानाची योजना आणावी लागली. नुसते पिकवणे पुरेसे नाही, खपाकडेही डोळा हवा, हा त्यातला धडा.

आपल्याकडे उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी बांधलेला आहे. म्हणजे एकाने कोवळा, पाचटासह किंवा तोडून वाळलेला ऊस घातला, तर त्याची झळ सगळ्यांना बसते. टनेज हवेच, पण पक्व, स्वच्छ आणि ताजा ऊस गाडीत भरणे हे आपल्या हातातले काम आहे. येत्या हंगामात प्रत्येकाने तेवढे केले तरी पुष्कळ झाले.