व्हर्जिनिया वुल्फचं वाचन

१९२५च्या एप्रिलमध्ये ‘द कॉमन रीडर’ हा निबंधसंग्रह आला आणि तीनच आठवड्यांनी ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी. दोन्ही पुस्तकं व्हर्जिनिया वुल्फची, दोन्ही तिनं आणि पती लेनर्डनं चालवलेल्या होगार्थ प्रेसची. ती त्यांवर आलटून-पालटून काम करत होती. संग्रहातल्या एका निबंधात ती म्हणते की, ग्रीक आपल्याला खरी कधीच कळणार नाही. ती कशी बोलली जाई, तेसुद्धा आपण जाणत नाही. कादंबरीत युद्धानं मन मोडलेल्या सेप्टिमसला लंडनच्या रीजंट्स पार्कात चिमण्या ग्रीकमध्ये गाताना ऐकू येतात. निबंधात हाती न लागलेली भाषा कादंबरीत एका भ्रमिष्टाच्या कानी पडते! वुल्फसाठी वाचन ही लेखनाची पूर्वतयारी नव्हती, तिची कल्पनाशक्ती तिथंच कामाला लागलेली असे, हे मला इथं सर्वांत स्पष्ट दिसतं.

भाऊ केंब्रिजला शिकले. तिच्या वाट्याला वडिलांचा, लेस्ली स्टीफन यांचा, ग्रंथसंग्रह आला आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या महिला विभागातले काही वर्ग. या अन्यायाचा हिशेब तिनं ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये (१९२९) आकड्यासकट मांडला: लिहिणाऱ्या बाईला वर्षाला ५०० पौंड हवेत आणि स्वतःची खोली हवी. प्रतिभेविषयी बोलताना पैशाचं नाव घ्यायला ती कचरली नाही, म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसतो.

विद्यापीठाबाहेर राहिल्यामुळेच बहुधा तिला सामान्य वाचकाची कड घेता आली. ‘कॉमन रीडर’ म्हणजे सामान्य वाचक, हे नाव तिनं इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सनकडून घेतलं. १९२६ साली केंटमधल्या मुलींच्या शाळेत ती पुस्तक कसं वाचावं यावर बोलली. पुढं निबंध झालेल्या त्या व्याख्यानात ती सांगते की, वाचनाबाबत कुणाचा सल्ला घेऊ नका. आधी लेखकाच्या बाजूनं, त्याचे सहकारी होऊन वाचा. मग पुस्तक मिटून थोडं थांबा आणि न्यायाधीशासारखे कठोर व्हा. यातलं थांबणं मला मोलाचं वाटतं. वाचलेलं मनात मुरतं ते तेव्हाच.

मात्र कल्पनाशक्ती कुठं अडते, हेही तिनं लपवलं नाही. जानेवारी १९३१मध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांपुढं बोलताना तिनं तळ्याकाठी गळ टाकून बसलेली लेखिका उभी केली. कल्पना खोल पाण्यात सुसाट जाते आणि एकाएकी कशावर तरी आदळते. बाईनं आपल्या शरीराविषयी, वासनांविषयी बोलायचं नाही, पुरुष काय म्हणतील, ही ती आडकाठी. स्वतःचं मत न ठेवता सगळं सोसणाऱ्या आदर्श गृहिणीला, ‘घरातल्या देवते’ला, आपण मनातून मारून टाकलं, असं ती त्याच भाषणात ठामपणे सांगते. शरीराचं सत्य लिहिणं मात्र आपल्याला जमलं नाही आणि आजवर कोणत्याही बाईला जमलं असेल असं वाटत नाही, असं ती म्हणते. तोवर तिच्या सहा कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या.