प्लगची ठिणगी आणि खोडदचे कान

गेल्या पावसाळ्यात नारायणगावहून खोडदकडे जाताना माझी दुचाकी रस्त्यात बंद पडली. आदल्या रात्री ती उघड्यावर, साइड स्टँडवर उभी राहिली होती आणि रात्रभर पाऊस होता. सकाळी कशीबशी सुरू झाली, पण चार-पाच किलोमीटरवर आचके देऊन थांबली. किक मारून पाय भरून आला. शेवटी ढकलत एका टपरीवजा गॅरेजपर्यंत नेली. मिस्तरींनी काही न विचारता प्लगची रबरी कॅप उपटली, उलटी करून झटकली. दोन थेंब पाणी पडलं. मग पान्यानं प्लग खोलला, कॅपमध्ये बसवला, त्याचं लोखंड इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरलं आणि म्हणाले, "मारा किक, दादा."

चट्ट! प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली.

"करंट हाय. कॅपमधी पाणी गेलंतं."

मी मान वर केली तेव्हा त्यांच्या खांद्यापलीकडे, टोमॅटोच्या रानांवर, जाळीची एक प्रचंड परात आभाळाकडे तोंड करून उभी होती. खोडदची रेडिओ दुर्बीण. ती ज्या लहरी ऐकते, त्याच जातीच्या लहरी आत्ता मिस्तरींच्या बोटांजवळून निघाल्या होत्या. त्या दिवसापासून प्लगकडे मी नुसता सुटा भाग म्हणून पाहू शकलेलो नाही.

प्लगच्या दोन टोकांमध्ये एक मिलिमीटरहूनही कमी फट असते. बॅटरी 12 व्होल्टची. पण इग्निशन कॉइल त्या 12 व्होल्टचे 15-20 हजार व्होल्ट करते. एवढ्या दाबाखाली फटीतली हवा फुटते, क्षणभर तारेसारखी वीज वाहून नेते आणि पेट्रोलची वाफ पेटते. कॅप ओली असेल तर हीच वीज पाण्यावरून बाहेरच्या बाहेर इंजिनच्या अंगावर उतरते, फटीपर्यंत पोचतच नाही. पहिल्या पावसात निम्म्या गाड्या रुसतात त्या यामुळे. बाकी वेळी प्लगच गाडीची तब्येत सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट काळं असेल तर इंजिनातलं ऑइल वर चढतंय. पांढरं पडलं असेल तर इंजिन फार तापतंय. फार चोक दिला की प्लग पेट्रोलनं भिजतो.

पण ठिणगीचं खरं नवल पुढे आहे.

फट फुटते तेव्हा विजेचा प्रवाह सेकंदाच्या काही अब्जांश भागात शून्यावरून उसळतो. वीज अशी एकदम हिसका खाते तेव्हा तिच्यातून रेडिओ लहरी सुटतात. प्लगची वायर त्यांचा एरियल होते. हाइनरिश हर्ट्‌झ यांनी 1887 मध्ये प्रयोगशाळेत पहिल्यांदा रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या दोन धातूंमधल्या फटीत ठिणगी पाडूनच. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरींचं प्रात्यक्षिक दाखवलं तेही ठिणगीच्या जोरावर. मार्कोनींची सुरुवातीची बिनतारी यंत्रंही ठिणगीचीच. म्हणजे आपल्या प्रत्येक पेट्रोल गाडीत हर्ट्‌झ यांचं यंत्र बसवलेलं आहे आणि ते रस्ताभर बोलत असतं. बासरी एक सूर धरते. पातेलं आपटलं की मात्र सगळे सूर एकदम अंगावर येतात. ठिणगी या पातेल्यासारखी आहे. तिची खरखर सगळ्या पट्ट्यांवर एकाच वेळी पसरते.

आकाशातली रेडिओ कुजबुज माणसानं ऐकली ती अशाच खरखरीच्या शोधात. कार्ल जान्स्की हे अमेरिकी अभियंते दूरध्वनीत येणारा गोंगाट कुठून येतो ते शोधत होते. त्यांनी बांधलेला भलामोठा एरियल गोल फिरायचा आणि त्याला खाली चाकं लावली होती फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीची! 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना कळलं की एक खरखर थेट आकाशगंगेतून येते आहे. त्यांच्यामागून ग्रोट रेबर या तरुणानं 1937 मध्ये इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावी, घराच्या परसात, स्वतःच्या पैशानं साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभी केली. तो रात्री जागून निरीक्षणं घ्यायचा, कारण दिवसा जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींच्या प्लगची खरखर त्याच्या यंत्रात शिरायची. त्यानं काढलेल्या आकाशगंगेच्या आलेखांवर मधेच उभे काटे दिसतात. ते ताऱ्यांचे नव्हेत, मोटारींचे.

आता खोडदला परत येऊ. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या केल्या. चौदा तबकड्या एकमेकींच्या जवळ, सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, आसपासच्या गावांच्या शिवारांत पसरल्या आहेत. दोन टोकांमधलं अंतर जवळजवळ 25 किलोमीटर. जागा निवडताना पाहिलं ते हेच, की इथे माणसानं केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे आणि डोंगरांचा आडोसा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या दुर्बिणीचा कान किती तिखट आहे त्याचा एकच दाखला देतो. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा क्षीण संदेश जुन्नर तालुक्यात ऐकला गेला. ते यान पुढे कोसळलं, पण उतरतानाची त्याची हाक इथे नोंदली गेली.

अशा कानाशेजारून टोमॅटोचे पिकअप जातात, ट्रॅक्टर जातात, शाळेत निघालेल्या मास्तरांची दुचाकी जाते. डिझेल गाडीचा प्रश्न कमी, कारण डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही. त्यात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ म्हणूनच डिझेल गाड्याच चालवतात. पेट्रोलचं काय? समजा एक दुचाकी मिनिटाला 3,600 फेऱ्यांनी चालली आहे आणि दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते आहे. म्हणजे सेकंदाला 30 ठिणग्या. वृषभ राशीच्या दिशेला, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर, खेकडा तेजोमेघात एक मेलेला तारा आहे. 1054 मध्ये चिनी ज्योतिषांनी ज्याचा स्फोट पाहिला, त्याचा हा उरलेला गाभा. हा स्पंदक स्वतःभोवती सेकंदाला सुमारे 30 वेळा फिरतो आणि दर फेरीला रेडिओ ठोका देतो. म्हणजे खोडदच्या रस्त्यावरची फटफटी आणि तो तारा एकाच तालात!

मग दुर्बीण दोघांना वेगळं कसं ओळखते? मला या साऱ्यातला सर्वांत सुंदर भाग हा वाटतो. ताऱ्यांमधली जागा पूर्ण रिकामी नसते, तिथे सुटे इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. त्यांच्यातून येताना मोठ्या कंप्रतेच्या लहरी कमी रखडतात, लहान कंप्रतेच्या जास्त. खेकड्यातल्या स्पंदकाचा एकच ठोका 500 मेगाहर्ट्‌झला आधी पोचतो आणि 300 मेगाहर्ट्‌झला दीड सेकंदाहून जास्त उशिरानं. ठिणगी मात्र शेजारच्या रस्त्यावरची. तिचे सगळे सूर एकाच क्षणी येऊन आदळतात. आवाज रखडत आला तर तो दूरचा पाहुणा, एकदम आला तर गावातलाच. दुसरी युक्ती तबकड्यांच्या अंतराची. एका तबकडीजवळची दुचाकी वीस किलोमीटरवरच्या तबकडीला ऐकू येत नाही, तारा दोघींना येतो. शिवाय आत येणाऱ्या आकड्यांवर संगणक पहारा देतो. तो आकडे चढत्या क्रमानं लावून मधला आकडा धरतो आणि त्याच्यापासून फार उसळलेले आकडे तिथल्या तिथे बाजूला काढतो. विजेच्या तारांवरच्या आणि गाड्यांच्या ठिणग्या गाळायला ही गाळणी खास बनवली आहे. पण गाळणीत थोडं पीठही जातंच. मूळ गोंगाट कमी असणं केव्हाही बरं.

नव्या गाड्यांनी आणखी एक आवाज आणला आहे. पार्क केलेली मोटार उघडायचा रिमोट 433 मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतो, आणि खोडदच्या एका पट्ट्यात ही कंप्रता बरोबर मधे येते. गजबजलेल्या पार्किंगमध्ये कधीकधी रिमोट चालत नाही, त्यामागे अनेकदा सेल उतरलेला असतो, पण आसपास त्याच कंप्रतेवर दुसरं काही बोलत असणं हेही एक कारण असतं. मोटार मागे घेताना पीं-पीं करणारे सेन्सर मात्र बहुतेक ध्वनीवर चालतात, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. त्यांच्याशी दुर्बिणीचं काही भांडण नाही.

ठिणगीच्या गोंगाटावर उपाय मात्र स्वस्त आहे आणि तो आपल्या हातात आहे. प्लगच्या पोटात सुमारे 5 हजार ओहमचा रोधक बसवला की विजेचा हिसका मऊ होतो. पेट्रोल तितकंच पेटतं, खरखर पुष्कळ घटते. बऱ्याच कंपन्यांच्या प्लगच्या नंबरात आर हे अक्षर असतं, ते याच रोधकाचं. पुढच्या वेळी प्लग बदलाल तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतला नंबर पाहा, आणि त्यात आर असेल तर मिस्तरींकडून तोच मागून घ्या.