डिझेलच्या लाइनीतली हवा आणि इलेक्ट्रिक प्रायमिंग पंप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

1 जूनपासून लागणारी पावसाळी मासेमारी बंदी उठायची वेळ आली, की मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक अशा बंदरांत कित्येक आठवडे बंद असलेली इंजिनं एकदमच सुरू करायची असतात. मधल्या काळात फिल्टर बदललेले असतात, टाकी धुतलेली असते, पाइप सोडवून पुन्हा जोडलेले असतात. या प्रत्येक कामात डिझेलच्या लाइनीत हवा शिरते. मग 'इंजिनने एअर धरली' म्हणत खलाशी फीड पंपावरचा हँड प्रायमर दाबत बसतो. या कष्टावर उपाय म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा इलेक्ट्रिक पंप बसवता येतो. वस्तू खरोखर उपयोगाची आहे, पण तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवल्या जातात आणि त्यातले काही समज धोक्याचे आहेत.

हवेने इंजिन का अडतं, ते आधी पाहू. डिझेल दाबलं तरी जवळपास आकसत नाही, हवा आकसते. साध्या यांत्रिक इंजिनात इंजेक्टर उघडायला साधारण 120 ते 250 बार दाब लागतो. इंजेक्शन पंपाच्या प्लंजरखाली हवा असेल, तर प्लंजर वर जाताना ती नुसती आकसते, खाली येताना पुन्हा फुगते, आणि इंजेक्टरपर्यंत पुरेसा दाब पोचतच नाही.

गैरसमज : इलेक्ट्रिक पंप लावला की एअर काढायचं काम संपलं.

प्रायमिंगच्या पंपाचा दाब बहुधा अर्ध्या बारच्या आतबाहेर असतो. त्याचं काम टाकीतलं डिझेल इंजेक्शन पंपाच्या तोंडापर्यंत आणून देणं, एवढंच. हवेला वाट माणसानेच करून द्यायची असते. पंप चालू ठेवून आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करावा, फेस जाऊन सलग डिझेल येऊ लागलं की डिझेल वाहत असतानाच तो आवळावा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. तरीही इंजिन धरत नसेल तर इंजेक्टरकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल दिसताच आवळावेत. त्या वरच्या नळ्यांतली हवा इंजेक्शन पंपच ढकलतो, इलेक्ट्रिक पंप नाही. फायदा हा, की एरवी एकाने प्रायमर मारायचा आणि दुसऱ्याने पाना धरायचा, ते काम आता एकटा माणूस दोन्ही हात मोकळे ठेवून करतो. समुद्रात, हलत्या बोटीत, ही सोय फार मोलाची आहे.

नट सैल करण्याची ही पद्धत कॉमन रेल इंजिनाला मात्र कधीही वापरू नये. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत घुसते. ती जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावं लागतं.

गैरसमज : पंप कशाला? सेल्फ मारत राहा, हवा आपोआप निघते.

सलग दहा-पंधरा सेकंदांच्या वर सेल्फ मारला की स्टार्टर तापतो, बॅटरी बसते. ज्या लाँचमध्ये किंवा यॉटमध्ये थंड करणारं समुद्राचं पाणी शेवटी एक्झॉस्टमधून बाहेर सोडलेलं असतं, तिथे धोका याहून मोठा. सेल्फबरोबर पाण्याचा पंपही फिरतो, पण ते पाणी बाहेर फेकायला एक्झॉस्टचा वायूच नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे फिरून सिलिंडरमध्ये उतरतं. मग कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत मजल जाते. अशा बोटीत बराच वेळ सेल्फ मारावा लागणार असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद करावा आणि इंजिन सुरू होताच, न विसरता, उघडावा.

गैरसमज : इंजिन वारंवार एअर धरतं, म्हणून पंप लावून टाकू.

माझा सगळ्यात जास्त आक्षेप या समजाला आहे. फिल्टर बदलल्यावर हवा शिरणं स्वाभाविक आहे. चालत्या इंजिनात ती पुन्हा पुन्हा येत असेल तर कुठेतरी गळती आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते, तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून त्या भागातल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि जोड कोरडाच्या कोरडा दिसतो. जुने तांब्याचे वायसर, कडक झालेली नळी, सैल क्लिप, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या झाकणाची चपटी झालेली रबरी रिंग ही नेहमीची ठिकाणं.

इलेक्ट्रिक पंप हा दोष बरा करत नाही, पण शोधायला मदत करतो. इंजिन बंद ठेवून, जोड पुसून कोरडे करून त्यांना टिश्यू पेपर गुंडाळावा आणि पंप चालू करावा. पंपाच्या पुढे लाइन आता ओढीवर नाही, दाबावर आहे; जिथून हवा आत जात होती तिथूनच डिझेल पाझरतं. पंपाच्या मागचे जोड मात्र या युक्तीने सापडत नाहीत, ते एकेक करून उघडून पाहावे लागतात. टाकीचा व्हेंट चोंदला असला तरी इंजिन असंच गुदमरतं. तो तपासायला विसरू नये.

गैरसमज : पंप कायम चालू ठेवला तर इंजिनाचा जोर वाढतो.

किती डिझेल जाळायचं ते इंजेक्शन पंप आणि गव्हर्नर ठरवतात. उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. जोर वाढत नाही, धोका मात्र वाढतो. यांत्रिक फीड पंप डायफ्रामचा असेल आणि तो डायफ्राम फाटला, तर काही पंपांत मागून दाबाने येणारं डिझेल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगं जातात. पातळी फार चढली तर इंजिन तेच ऑइल ओढून अनावर पळू शकतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं किंवा त्याला डिझेलचा वास आला, तर इंजिन सुरू करू नये. म्हणूनच प्रायमिंगपुरता लावलेला पंप, हात काढताच बंद होणाऱ्या स्प्रिंगच्या बटणावर असावा.

गैरसमज : बाजारात मिळेल तो पंप चालतो, वाटेल तिथे बसतो.

पेट्रोल इंजेक्शनच्या मोटारीतला पंप साधारण 3 बार किंवा त्याहून जास्त दाब देतो. आपल्या फीड पंपाला आणि सीलना तो झेपणारा नाही. डिझेलसाठीचा, कमी दाबाचा पंप घ्यावा. ट्रकच्या इंजिनावरून आलेल्या बऱ्याच मरीन इंजिनांची वायरिंग 24 व्होल्टची असते, त्यावर 12 व्होल्टचा पंप जळतो. बंद असताना त्यातून डिझेल मोकळं वाहतं का, हेही विचारावं. वाहत नसेल तर तो थेट लाइनीत न बसवता बाजूने, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालून जोडावा लागतो.

जागा सेपरेटरच्या पुढे आणि फीड पंपाच्या मागे, शक्य तितकी खाली. सेपरेटरच्या आधी बसवला तर पंप पाण्याचे बारीक थेंब डिझेलमध्ये घुसळतो आणि ते नीट वेगळे होत नाहीत.

गैरसमज : डिझेल पेटत नाही, वायर आणि नळी कसलीही चालेल.

आयएस 1460 या भारतीय मानकाप्रमाणे साध्या हायस्पीड डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सिअस असला की पुरतो. मे महिन्यात इंजिनघरात याहून जास्त उकाडा असतो. तापलेल्या एक्झॉस्टवर उडालेलं डिझेल तर सहज पेट घेतं. म्हणून वायरीला बॅटरीजवळच फ्यूज, कल्हई केलेली तांब्याची तार, आणि नळी आयएसओ 7840 मानकाची, आग काही काळ सोसणारी. पारदर्शक प्लास्टिकची नळी हवेचे बुडबुडे पाहण्यापुरती लावली असेल तर काम होताच काढून टाकावी.

पंप बसवणाऱ्यांना एकच विनंती : हे काम बंदी संपण्याच्या आधी, बोट धक्क्याला असताना करा. मग मुद्दाम फिल्टर उघडून हवा शिरू द्या आणि बोटीवरच्या प्रत्येक खलाशाकडून ती एकदा काढून घ्या. नेमका पाना आणि नवे वायसर पंपाशेजारीच डब्यात ठेवा.