शहराचा हिशेब – ५ : घरपट्टीचा घोळ दरात नाही, वहीत आहे

दरवर्षी अंदाजपत्रकाच्या सुमारास मिळकत कराच्या दरावरून गदारोळ होतो, सुचवलेली वाढ फेटाळली जाते आणि ‘नागरिकांवर बोजा नाही’ असा मथळा झळकतो. जकात आणि एलबीटी गेल्यावर महापालिकेच्या हातात स्वतःचे असे भरवशाचे जे उरले, त्यात हा कर अग्रभागी आहे. त्यामुळे त्यावर भांडण व्हावे हे ठीकच. पण भांडण चुकीच्या जागी होते. कर म्हणजे करपात्र मूल्यावर लावलेला दर. दराला सभेची मंजुरी लागते आणि तो छापून येतो. करपात्र मूल्य मात्र खात्याच्या आकारणी वहीत एकदा चढते आणि वर्षानुवर्षे तसेच पुढे ओढले जाते. एकाच रस्त्यावरच्या, एकाच आकाराच्या दोन घरांना वेगळी घरपट्टी का येते, याचे उत्तर या वहीत आहे.

वहीतला आकडा ठरतो कसा? पुण्यासारख्या शहरांना लागू असलेल्या १९४९च्या महानगरपालिका अधिनियमानुसार प्रश्न असा विचारायचा : हे घर भाड्याने दिले तर रास्तपणे वर्षाला किती भाडे येईल? त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. राहील ते करपात्र मूल्य. उदाहरणादाखल ६०० चौरस फूट चटईक्षेत्राची सदनिका घेऊ आणि तिच्या भागासाठी खात्याने महिना २ रुपये चौरस फूट असा भाव धरला आहे असे मानू. वर्षाचे भाडे १४,४०० रुपये. १० टक्के वजा जाता १२,९६०. मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात ४० टक्के सवलत, म्हणजे ७,७७६. सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर आणि राज्य सरकारचा शिक्षण कर हे सगळे या पायावर उभे राहतात. त्याच इमारतीत तळमजल्यावर तेवढाच गाळा असेल, तर त्याला धरलेला भाव पुष्कळ चढा असतो, स्वयंवापराची सवलत नसते आणि शिवाय रोजगार हमी कर लागतो. गाळा एखाद्या बँकेला दिला असेल, तर भाडेकरारातला आकडाच आकारणीचा आधार होऊ शकतो. दुकानदार म्हणतो, जीएसटी भरतो, व्यवसाय कर भरतो, आता आणखी किती? ते दोन्ही कर केंद्राच्या आणि राज्याच्या तिजोरीत जातात, त्याच्या दारातला रस्ता महापालिका झाडते, हे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे. दुकानाला मत नसते, आणि चढ्या भावामागे नगरसेवकांची ही सोयही थोडीफार आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आकारणीची वही दरवर्षी नव्याने करण्याची सक्ती नाही. मागच्या वर्षीच्या नोंदी पुढे चालवता येतात. मात्र चार वर्षांतून निदान एकदा ती नव्याने करावी, अशी तरतूद कायद्यातच आहे. व्यवहारात जुन्या मिळकतींच्या मूल्याला हात लावायचे धाडस सहसा कोणी करत नाही आणि नव्या इमारतीला नवा भाव लागतो. परिणामी पेठेतले जुने घर पहिल्या आकारणीच्या भावाने चालत राहते आणि नुकत्याच समाविष्ट झालेल्या गावातला, टँकरच्या पाण्यावर जगणारा सदनिकाधारक चढ्या भावाने भरतो. दर गोठवला म्हणून ज्याचे अभिनंदन होते, तो निर्णय प्रत्यक्षात बोजा नव्याने आलेल्यांवर ढकलत असतो.

मुंबईत हेच जास्त टोकाला गेले होते. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. करपात्र मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९च्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सांगितले. मग गिरगावातल्या जुन्या इमारतीपेक्षा उपनगरातल्या नव्या सदनिकेला कितीतरी जास्त कर, हे ओघानेच आले. १ एप्रिल २०१०पासून मुंबईने भाडेमूल्य सोडून भांडवली मूल्य धरले. रेडी रेकनरचा भाव, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांच्या गुणाकारावर आता कर ठरतो. अन्याय यामुळे कमी झाला, यात शंका नाही. पण नियम करणाऱ्यांनी जमिनीवर उद्या किती बांधता येईल, याचेही मूल्य आजच्या करात धरले. उच्च न्यायालयाने २०१९मध्ये ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पद्धत कोणतीही असो, वहीतला आकडा आजच्या वस्तुस्थितीचा हवा; तो तीस वर्षांपूर्वीचा असून चालत नाही आणि दहा वर्षांनंतरचाही.

पुण्याच्या सवलतीची कथा याच दृष्टीने वाचावी. ४० टक्क्यांची सवलत १९७०पासूनची. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, २०१८मध्ये राज्य सरकारने ती रद्द ठरवली आणि १ एप्रिल २०१९पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळेनाशी झाली. दर तसूभरही वाढला नव्हता. पण ६०च्या जागी १०० रुपयांवर कर लागू झाला की वाढ ४० टक्के होत नाही, जवळजवळ ६७ टक्के होते. २०२३मध्ये सवलत परत आली, तीही पीटी-३ अर्ज आणि राहत्या घराचे पुरावे देणाऱ्यांना.

नियमित फेरआकारणीला सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो पेन्शनवर जगणाऱ्या जुन्या रहिवाशाचा. घराची किंमत कोटीत गेली, पण ती खिशात आलेली नाही. कर मात्र खिशातून जाणार. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मूल्य वाढले तरी एका वर्षात बिल किती वाढावे याला मर्यादा हवी आणि गरजूंना सूट हवी. मात्र ती सूट म्हणून बिलावर लिहावी. जुने मूल्य तसेच ठेवून दिलेली छुपी सूट गरजू पेन्शनरला मिळते, तशी त्याच गल्लीतल्या सधन वारसालाही मिळते, आणि तिचा खर्च कोणी उचलला हे कधीच दिसत नाही. दुसरा आक्षेप, फेरआकारणी म्हणजे मागच्या दाराने करवाढ. तशी ती होऊ शकते. पण एकूण मूल्य वाढले की त्याच उत्पन्नासाठी दर खाली आणता येतो, आणि तो आणा असे लोकप्रतिनिधींना ठणकावून सांगता येते. दर डोळ्यांसमोर असतो, हाच त्याचा गुण.

तेव्हा या वर्षीचे बिल आले की शेवटची रक्कम पाहून बाजूला ठेवू नका. करपात्र मूल्य, चटईक्षेत्र आणि वापराचा प्रकार या तीन नोंदी करारनाम्याशी ताडून पाहा. राहते घर असूनही सवलत लागली नसेल तर अर्ज करा. आकारणीची नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या. करपात्र मूल्याविरुद्ध न्यायालयात अपील करायचे असेल तर आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली असावी लागते आणि कराची रक्कम भरलेली असावी लागते. वाद चालू आहे म्हणून बिल थकवाल, तर महिन्याला २ टक्के शास्ती चढत जाते.