पंचाळेश्वरची लिपी, पैठणची अट

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. गेवराई तालुक्यात तिच्या काठी पंचाळेश्वर आहे, महानुभाव पंथीयांचे आत्मतीर्थ. आणि नदीच्या वरच्या अंगाला, जिल्ह्याची हद्द ओलांडली की पैठण, नाथांचे गाव. संगणकाच्या सॉफ्टवेअरचा परवाना खुला असावा की बंद, यावर जगभर चाललेल्या वादाविषयी लिहायला बसलो आणि मला आधी ही दोन ठिकाणे आठवली. हे ओढूनताणून आणलेले वाटेल. पण हा वाद अमेरिकेत रंगला असला, तरी मराठी माणसाने तो सहा-सातशे वर्षांपूर्वी आपल्या पोथ्यांपुरता भोगलेला आहे.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यात फार मोठे गूढ नव्हते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, एवढाच मुख्य प्रकार. किल्ली ज्याच्याजवळ त्याला पान वाचता येई. इतरांच्या लेखी तो निरर्थक अक्षरांचा ढीग. पवित्र वचने परक्याच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, हा हेतू. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तोवर लीळाचरित्रासारखा गद्यग्रंथ मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञात होता. तेराव्या शतकात इतके जिवंत, बोलते गद्य आपल्या भाषेत होते याचा आपल्यालाच पत्ता नव्हता. दुसरी बाजूही सांगायला हवी. कुलपात राहिल्यामुळेच त्या गद्याचे जुने वळण पुष्कळसे शाबूत राहिले, असे अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. बंद पेटीचे काही फायदे असतातच.

आता आपल्या काळातली सकळ लिपी पाहा. १९८० आणि १९९० च्या दशकांत मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली. तेव्हा ज्या-त्या कंपनीने आपापले फॉन्ट केले आणि रोमन अक्षरांसाठी असलेल्या क्रमांकांवर देवनागरीची वळणे आपल्या सोयीने बसवली. एकाचा ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याचा ‘भ’. खरे तर १९९१ साली इस्की हे भारतीय मानक जाहीर झाले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली होती. पण तालुक्याच्या डीटीपीवाल्यापर्यंत ते पोचायला पुढे कैक वर्षे गेली. दरम्यान जिल्हापत्रे, स्मरणिका, गौरवग्रंथ, लग्नपत्रिका, सारे काही या खासगी लिप्यांत छापले गेले.

अशाच एका स्मरणिकेचे संपादन मी १९९७ साली केले होते. गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी, पटकीच्या साथी, रझाकारांचा काळ, दुष्काळी कामांवरची खडी. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. मजकूर मात्र फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर असा सांभाळला. तो आज उघडतो, पण पडद्यावर दिसतात रोमन अक्षरे, चिन्हे, उद्गारवाचक! ज्या फॉन्टात तो जुळवला, तो संगणकाच्या पाठीमागे एक किल्ली खोचल्याशिवाय चालत नसे. ती किल्ली हरवली, कंपनीने ती आवृत्ती सोडून दिली. तेव्हा पैसे मोजले होते, पावतीही आहे. पण परवान्याप्रमाणे मी घेतला होता तो केवळ वापरण्याचा हक्क. अक्षर कोणत्या क्रमांकावर आहे हे बघण्याचा हक्क मला नव्हता. शब्द आमच्या म्हाताऱ्यांचे, लिपी दुसऱ्याची.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जी चळवळ जाहीर केली ती याच दुखण्यातून. १९८९ साली त्यांनी जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, हा परवाना काढला. प्रोग्रॅम वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, हवे तर विका. मात्र पुढे द्याल तेव्हा घेणाऱ्यालाही मूळ लिखाण आणि हेच सगळे हक्क द्या. दुसऱ्या बाजूला बर्कलीच्या विद्यापीठातून आलेला बीएसडी परवाना. त्याचे म्हणणे, मूळ कर्त्याची नोंद ठेवा, मग काय करायचे ते करा, कुलूप लावलेत तरी हरकत नाही. यातला अधिक मुक्त कोणता? जात्यावरची ओवी बीएसडीच्या जातीची. कोणीही उचलावी, आपल्या लेकाचे नाव घालून गावी, कोणी हिशेब मागत नाही. मी स्वतः जीपीएलच्या बाजूचा आहे. मुक्त वस्तू घेऊन तिच्याभोवती कुंपण घालणारा आपल्याकडे फार लवकर भेटतो. गायरानाचे काय होते ते आपण पाहतोच.

आणि इथे पैठण येते. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात फिरून बिघडल्या होत्या, तेव्हा नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी बजावले की, या पाठात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. मराठीतला हा परवानाच म्हणायचा. नक्कल करायला नाथांची मनाई नाही, आक्षेप आहे तो आपले शब्द ज्ञानदेवांच्या नावावर खपवण्याला. लिहायचेच तर स्वतःच्या नावाने लिहा. नाथांनी भागवतावर तसे लिहिलेच.

गंमत अशी की फॉन्टसाठी आज जगभर चालणाऱ्या ‘ओपन फॉन्ट लायसन्स’मध्ये नेमकी हीच तरतूद सापडते. फॉन्ट बदला, वाटा. पण कर्त्याने नाव राखून ठेवले असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देऊ नका. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता याच परवान्याखाली मिळतो. लोहित आधी जीपीएलखाली होता, पुढे तोही इकडे आला. कारण फॉन्ट दस्तऐवजात गुंफला जातो, आणि मग जीपीएलची अट त्या दस्तऐवजालाही लागते काय, असा पेच उभा राहतो.

असे पेच सोडवायला चर्चा लागते, आणि चर्चा कशी चालवावी हा परवान्याइतकाच अवघड प्रश्न. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा पहिला मसुदा जानेवारी २००६ मध्ये खुला झाला. ज्या शब्दावर आक्षेप, तो शब्द निवडून तिथेच टिपण जोडायचे, अशी सोय होती. जिथे टिपणे जास्त, तिथला मजकूर अधिक गडद दिसे. वाद कुठे आहे ते एका नजरेत कळावे! वेगवेगळ्या समित्यांनी आक्षेप निवडले, परिषदा झाल्या, त्यातली एक ऑगस्ट २००६ मध्ये बंगळुरूला झाली. जून २००७ मध्ये परवाना पक्का झाला. तरी लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांना तो पटला नाही, आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. कोणी कोणाला वाळीत टाकले नाही.

आपल्या ग्रामसभेत काय होते? ज्याचा आवाज मोठा त्याचे दोन तास, आणि प्रोसिडिंगमध्ये एक ओळ: ठराव सर्वानुमते मंजूर. विरोध करणारा कागदावर उरतच नाही. म्हाइंभटांनी लीळा जमवल्या तेव्हा ज्याने-ज्याने पाहिले त्याच्याकडे जाऊन विचारले, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. आणि पुढे मूळ ग्रंथ हरवल्यावर आठवणींतून जे वेगवेगळे पाठ सिद्ध झाले, ते ज्याच्या-त्याच्या नावाने ओळखले जातात. लिपी बंद, पण मतभेद उघडे.

आमची ती स्मरणिका आता तीन शिक्षक मिळून युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करीत आहेत. तिला परवाना कोणता द्यावा यावर दोन बैठका झाल्या. दोघांचे म्हणणे, विक्रीला मनाई करा, नाहीतर कोणी गाइडवाला आमच्या आजीची आठवण छापून पैसे करील. माझे म्हणणे, विक्रीला मनाई केली की तो मुक्त परवानाच राहत नाही. उद्या एखाद्या छोट्या प्रकाशकाला पुस्तक काढावेसे वाटले, तर त्याने कोणाची परवानगी आणायची? त्या म्हाताऱ्या तर गेल्या. इतिवृत्तात दोन्ही मते नावानिशी लिहिली आहेत. पुढची बैठक पोळ्यानंतर आहे.