तळ्यातली मासळी आणि कर्जाचा हप्ता

धारणीसारख्या भागात तळ्यांना पाणी आले की कटला, रोहू, मृगळाचे बीज सोडतात. मासळी विक्रीजोगी व्हायला आठ-दहा महिने लागतात. छोटे कर्ज मिळाले तर नाजूक मत्स्यजिऱ्याऐवजी बोटुकली घेता येते, खाद्य पुरते, मरतूक घटते, उत्पादन वाढते. नफा मात्र परतफेडीच्या तारखेवर ठरतो. हप्ता दरमहा असेल, तर मासळी वजन धरण्याआधीच विकावी लागते. नाहीतर व्यापाऱ्याची उचल घ्यायची आणि त्याच्याच भावाने माल द्यायचा. २०१८-१९च्या अर्थसंकल्पाने किसान क्रेडिट कार्ड मत्स्यव्यवसायाला खुले केले. दोन लाखांपर्यंतचे असे कर्ज वेळेवर फेडल्यास व्याज ४ टक्के पडते. परतफेड मासळी काढण्याच्या हंगामाशी जुळली, तरच वाढीव उत्पादनाचा पैसा कोरकू मत्स्यपालकाच्या घरात राहील.